पिक्सेल डिटेक्टरचा वेगवान रीडआउट : पहिल्या जोडणीपासून विश्वासार्ह डेटापर्यंत

पिक्सेल डिटेक्टरवर (कण किंवा क्ष-किरण टिपणाऱ्या, बारीक चौकोनांच्या संवेदकावर) नव्याने काम सुरू करणाऱ्याच्या हाती साधारणपणे तीन गोष्टी पडतात : छोट्या बोर्डावर बसवलेली चिप, आधीच्या कोणीतरी लिहून ठेवलेले फर्मवेअर आणि जाडजूड मॅन्युअल. यांतले काय कधी हाती घ्यायचे, हे मात्र सहसा कुठेच लिहिलेले नसते. परिणामी बहुतेक जण थेट किरणोत्सारी स्रोत समोर ठेवून पडद्यावर ठिपके दिसतात का ते पाहतात, आणि ठिपके दिसले की रीडआउट (डिटेक्टरमधून डेटा बाहेर वाचणे) चालू झाला असे धरून चालतात. ठिपके दिसणे ही या कामातली सर्वांत सोपी पायरी आहे. ते ठिपके खरे आहेत का, त्यांची वेळ बरोबर आहे का आणि वेग वाढल्यावर त्यांपैकी किती गळून पडतात, हे ठरवणे अवघड असते. या लेखातला क्रम त्याच दृष्टीने लावला आहे : साखळीतला प्रत्येक दुवा एकेकटा तपासायचा आणि तो पक्का झाल्याशिवाय पुढच्या दुव्याला हात लावायचा नाही.

उदाहरणांसाठी मी मुख्यतः टाइमपिक्स ३ ही चिप घेतली आहे, कारण तिची रचना सविस्तर प्रसिद्ध झालेली आहे आणि नवख्याला भेटणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी तिच्यात एकत्र सापडतात. तुमची चिप वेगळी असेल तर आकडे बदलतील, पायऱ्यांचा क्रम बदलणार नाही.

सुरुवातीला काय जवळ असावे

- चिपचे मॅन्युअल, तुमच्या हातातल्या आवृत्तीचेच; शिवाय तिच्या ज्ञात दोषांची यादी. आवृत्ती बदलली की रजिस्टरांचे (चिपची सेटिंग साठवणाऱ्या कप्प्यांचे) पत्ते बदलू शकतात.
- चिप ज्या बोर्डावर आहे त्याचे सर्किट आरेखन. केवळ कनेक्टरचा तक्ता पुरत नाही. का ते तिसऱ्या पायरीत येईल.
- सेन्सरची माहिती : पदार्थ, जाडी, तो इलेक्ट्रॉन गोळा करतो की होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरणारी धन जागा), आणि कारखान्यात मोजलेला व्होल्टेज-प्रवाह आलेख.
- बायससाठी (सेन्सरवर लावायच्या व्होल्टेजसाठी) प्रवाहमर्यादा लावता येणारा आणि नॅनोअँपिअरपर्यंत प्रवाह दाखवणारा वीजपुरवठा.
- एफपीजीए (आतले सर्किट प्रोग्रॅमने ठरवता येते अशी चिप) असलेला बोर्ड, त्याचा प्रोग्रॅमर आणि फर्मवेअरचा मूळ कोड. फक्त तयार बिटफाइल मिळत असेल, तर कोडसाठी आग्रह धरा.
- किमान १ गिगाहर्ट्झ बँडविड्थचा ऑसिलोस्कोप आणि डिफरन्शियल प्रोब.
- ज्याची ऊर्जा ठाऊक आहे असा क्ष-किरण स्रोत, उदाहरणार्थ लोह-५५ किंवा अमेरिशियम-२४१, आणि तो हाताळण्याची संस्थेच्या किरणोत्सार सुरक्षा विभागाची परवानगी. ही परवानगी मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज सर्वांत आधी करा.

१. आधी बिटांचा हिशेब कागदावर मांडा

कोणतीही तार जोडण्याआधी सेन्सरपासून डिस्कपर्यंत प्रत्येक टप्प्यावर दर सेकंदाला किती बिट वाहतील, हे लिहून काढा. त्यासाठी तुमची चिप कोणत्या पद्धतीने वाचली जाते, हे माहीत असले पाहिजे.

पहिली पद्धत पूर्ण चौकटीची. मूळ टाइमपिक्समध्ये २५६ × २५६ पिक्सेल आणि प्रत्येकी १४ बिट, म्हणजे एका चौकटीत ९,१७,५०४ बिट असतात. १०० मेगाहर्ट्झच्या एका सिरियल तारेवरून ते काढायला सुमारे ९.२ मिलिसेकंद लागतात, तर ३२ बिटांच्या समांतर बसवरून ०.२९ मिलिसेकंद. पिक्सेलवर काही पडले असो वा नसो, ही वेळ तेवढीच राहते आणि त्या वेळात चिप आंधळी असते. दुसरी पद्धत ट्रिगरची : हिट, म्हणजे पेटलेल्या पिक्सेलांच्या नोंदी, चिपमध्येच साठवून ठेवले जातात आणि बाहेरून ट्रिगर आला तर त्या क्षणाचे तेवढे बाहेर पाठवले जातात. लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये दर २५ नॅनोसेकंदांनी टकरी होतात, त्यामुळे सगळे बाहेर पाठवणे परवडत नाही. तिथल्या प्रयोगांच्या नव्या पिढीसाठी बनलेल्या आरडी-५३ कुळातील चिपा याच पद्धतीने चालतात. तिसरी पद्धत डेटा-चालित : ज्या पिक्सेलवर हिट पडला तोच पॅकेट पाठवतो, बाकीचे गप्प राहतात. टाइमपिक्स ३ असे चालते.

तिचाच हिशेब करू. एका हिटचे पॅकेट ४८ बिटांचे असते आणि ८बी/१०बी कूटलेखनानंतर (दर ८ बिटांमागे १० बिट) ते ६० बिटांचे होते. चिपला ६४० मेगाबिट प्रति सेकंद वेगाच्या ८ तारा आहेत, म्हणजे एकूण ५.१२ गिगाबिट. भागाकार केला की दर सेकंदाला सुमारे ८.५ कोटी हिट येतात, आणि चिपची घोषित कमाल ८ कोटींची आहे. आता पुढे चला. एफपीजीएमध्ये प्रत्येक पॅकेटला जास्तीची वेळ जोडून त्याचे ६४ बिट केले, तर ८ कोटी हिट म्हणजे सेकंदाला ६४० मेगाबाइट. १० गिगाबिटच्या इथरनेटला हे सहज पेलते. सॅटा जोडणीच्या एसएसडीला मात्र नाही, कारण ती प्रत्यक्षात ५५० मेगाबाइटच्या आसपास अडते. एनव्हीएमई डिस्क घेतली तरी तासाभरात २.३ टेराबाइट भरतात. म्हणजे अडचण चिपमध्ये नव्हती, एफपीजीएमध्येही नव्हती. ती संगणकाच्या पेटीत होती, आणि हे कागदावर दहा मिनिटांत कळले.

या हिशेबात दोन सापळे आहेत. एक, हिट म्हणजे कण नव्हे. आवेश शेजारच्या पिक्सेलांत वाटला जातो, त्यामुळे एका कणामागे सरासरी ४ पिक्सेल पेटत असतील तर ८ कोटी हिट म्हणजे केवळ २ कोटी कण. दोन, घोषित कमाल वेग हा सगळ्या चिपवर समान मारा होत असेल तरच लागू होतो. टाइमपिक्स ३ मधले २५६ स्तंभ दोन-दोनच्या जोड्यांनी वाचले जातात. ८ कोटी हिट १२८ जोड्यांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी ६.२५ लाख येतात. तुमचा झोत बारीक असून दहा-बारा स्तंभांवरच पडत असेल, तर एकूण दर कमालीच्या जवळपासही नसताना त्या जोड्या तुंबतात. झोताचा आकार विचारल्याशिवाय कोणालाही वेगाचे आश्वासन देऊ नका.

२. सेन्सरची ध्रुवता, बायस आणि अंधार

चिपच्या प्रवर्धकाला येणारा आवेश ऋण आहे की धन, हे रजिस्टरमध्ये सांगावे लागते. सेन्सर होल गोळा करणारा असेल आणि सेटिंग इलेक्ट्रॉनचे असेल, तर चाचणी-स्पंद (चिप स्वतःच प्रवर्धकात सोडते ते कृत्रिम आवेश) व्यवस्थित दिसतात पण स्रोताचे काहीच दिसत नाही. अशा वेळी दोष सेन्सरचा मानला जातो आणि चांगले मॉड्यूल बाजूला पडते.

आधी चिपला वीज द्या, तिचे रजिस्टर भरा, मगच बायस हळूहळू चढवा. बंद करताना उलट क्रम पाळा. प्रवाहमर्यादा लावल्याशिवाय बायस चालू करू नका. चढवताना प्रत्येक पायरीला गळती प्रवाह लिहून ठेवा आणि कारखान्याच्या आलेखाशी ताडून पाहा. सिलिकॉनमध्ये हा प्रवाह दर ७ ते ८ अंश सेल्सियसला साधारण दुप्पट होतो, म्हणून तापमान न लिहिलेला आलेख निरुपयोगी असतो. सेन्सर प्रकाशालाही प्रतिसाद देतो. मागचा धातूचा थर असला तरी कडांतून प्रकाश आत शिरतो, तेव्हा काळे झाकण असू द्या. थंड करून वापरणार असाल तर दवबिंदूवर लक्ष ठेवा आणि पेटीत कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडा.

३. वीज, ग्राउंड आणि परतीची वाट

नवख्यांच्या मांडणीतला अर्धा नॉइज इथून येतो. कणाने सोडलेला आवेश फारच थोडा असतो : ३०० मायक्रोमीटर जाडीच्या सिलिकॉनमधून आरपार जाणारा वेगवान कण साधारण २२,००० ते २४,००० इलेक्ट्रॉन मोकळे करतो, म्हणजे साडेतीन-चार फेम्टोकुलंब. हा प्रवाह सेन्सरमधून प्रवर्धकात, तिथून चिपच्या ॲनालॉग ग्राउंडमध्ये आणि बायस-फिल्टरच्या कपॅसिटरमधून पुन्हा सेन्सरच्या पाठीशी, असे वर्तुळ पूर्ण करतो. हे वर्तुळ जितके लहान तितके बरे. फिल्टरचा कपॅसिटर बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला असेल किंवा बायसची परतीची तार वीजपुरवठ्यापर्यंत जाऊन दुसऱ्या वाटेने येत असेल, तर त्या वर्तुळात प्रयोगशाळेतला प्रत्येक पंप आणि पंखा आपली भर घालतो. म्हणूनच सर्किट आरेखन हाताशी हवे. त्यात हे वर्तुळ रंगीत पेनाने आखून पाहा. आखता आले नाही, तर बोर्ड बनवणाऱ्याला विचारा.

चिपच्या पायापाशी व्होल्टेज मोजण्याची सवय ठेवा. पुरवठ्याच्या पडद्यावरचा आकडा तारांमधली घट दाखवत नाही, आणि घड्याळाचा वेग किंवा थ्रेशोल्ड (हिट मानण्यासाठी लागणारा किमान आवेश) बदलला की चिपचा प्रवाहही बदलतो. सेन्स तारा (चिपपाशीचे व्होल्टेज पुरवठ्याला कळवणाऱ्या) असलेला पुरवठा वापरला तर ही कटकट बरीच कमी होते.

४. डिजिटल दुवा : एक बिटही गृहीत धरू नका

सेन्सरचा बायस बंद ठेवून हे काम करा. पहिली गोष्ट क्लॉकची : तो चिपपर्यंत स्वच्छ पोहोचतो का, हे ऑसिलोस्कोपवर पाहा. मग येणाऱ्या प्रत्येक तारेसाठी एफपीजीएमधला विलंब एकेक पायरीने सरकवत जा आणि कोणत्या पायऱ्यांना चुका येतात ते नोंदवा. दोन चुकीच्या पट्ट्यांच्या मधली मोकळी जागा शोधून विलंब तिच्या मधोमध ठेवा. एखाद्या पायरीला चुका येत नाहीत म्हणून तिथेच थांबणे हा नेहमीचा सापळा आहे. ती पायरी कडेला असेल तर दुपारी तापमान दोन अंशांनी चढताच दुवा घसरतो.

बिट जुळले की शब्दांच्या सीमा जुळवायच्या. ८बी/१०बी मध्ये त्यासाठी के-२८.५ हे विशेष चिन्ह असते, आणि इथे एक फार फसवी चूक दडलेली असते. बोर्ड आखताना सोय म्हणून डिफरन्शियल जोडीच्या धन आणि ऋण तारांची अदलाबदल केली जाते, म्हणजे येणारा प्रत्येक बिट उलटा होतो. के-२८.५ ची दोन रूपे एकमेकांची नेमकी उलट असल्यामुळे उलट्या तारेवरही हे चिन्ह ओळखले जाते आणि फर्मवेअर दुवा जुळल्याचे सांगते. डेटाचे काही शब्दही बरोबर उतरतात. पण डी-२१.५ सारखा शब्द पाठवला, तर तो डी-१०.२ म्हणून वाचला जातो. हिरवा दिवा लागलेला असतो आणि डेटा मात्र अधूनमधून अर्थहीन येतो. दुवा जुळल्यावरही प्रत्येक तारेवरून ठरावीक, ज्ञात शब्द मागवून ते तंतोतंत मिळतात का हे पाहणे त्यामुळेच आवश्यक आहे.

शेवटी चुकांचे प्रमाण मोजा. १० च्या उणे १२ व्या घातापेक्षा कमी प्रमाण आहे असे ९५ टक्के विश्वासाने म्हणायचे तर एकही चूक न होता ३ × १० चा १२ वा घात एवढे बिट पार पडावे लागतात. ६४० मेगाबिटच्या तारेवर त्याला सुमारे ७८ मिनिटे लागतात. पाच मिनिटांच्या चाचणीवर कोणी दुवा पक्का असल्याचे सांगत असेल, तर त्याचा अर्थ तेवढाच घ्या.

५. रजिस्टर आणि चाचणी-स्पंद

प्रत्येक रजिस्टर लिहा, परत वाचा आणि ताडून पाहा. पिक्सेलांच्या संरचनेसाठी सगळे शून्य किंवा सगळे एक असे नमुने वापरू नका, कारण रांग आणि स्तंभ यांची अदलाबदल त्यांत लपून राहते. त्याऐवजी एखादे असममित अक्षर लिहा, त्याच आकाराच्या पिक्सेलांना चाचणी-स्पंद द्या आणि येणाऱ्या प्रतिमेत ते सुलटे दिसते का ते बघा. आरशातले किंवा नव्वद अंशांत फिरलेले अक्षर आले, तर ते आत्ताच सुधारा. पुढे अनेक चिपा एकत्र जोडल्यावर हाच दोष शोधणे जिकिरीचे होते.

काही चिपांत काउंटर साधे दुहेरी अंक देत नाहीत. जागा वाचवण्यासाठी मूळ टाइमपिक्समध्ये छद्म-यादृच्छिक क्रमाने फिरणारा काउंटर वापरला आहे, त्यामुळे वाचलेली किंमत तक्त्यातून पाहूनच खरी मोजणी कळते, आणि १४ बिट असूनही ती ११,८१० पर्यंतच जाते. वेळ दाखवणारे काउंटर पुष्कळदा ग्रे कूटात असतात, कारण त्यात एका वेळी एकच बिट बदलतो आणि बदलाच्या नेमक्या क्षणी वाचले तरी फार तर एकाची चूक होते. उलगडा कुठे करायचा, एफपीजीएत की संगणकात, हे ठरवा आणि फाइलच्या शीर्षभागात लिहून ठेवा. दोन्हीकडे झाला तर डेटा तितकाच बिघडतो जितका कुठेच न झाल्यावर बिघडतो.

६. थ्रेशोल्ड : इथे घाई करू नका

थ्रेशोल्ड खाली असेल तर नॉइजचे हिट तारा भरून टाकतात आणि वर असेल तर शेजाऱ्यांत वाटला गेलेला आवेश हरवतो. शिवाय प्रत्येक पिक्सेलचा ट्रान्झिस्टर किंचित वेगळा असल्यामुळे एकच सामाईक थ्रेशोल्ड दिला तरी प्रत्यक्षात तो ६५,५३६ ठिकाणी ६५,५३६ वेगवेगळा असतो.

मोजमापाची पद्धत अशी. एका पिक्सेलला ठरावीक आवेशाचे १०० स्पंद द्या आणि किती ओळखले गेले ते मोजा. आवेश वाढवत गेलात की ही संख्या शून्यापासून शंभरापर्यंत एस आकाराच्या वक्राने चढते. निम्मे स्पंद ओळखले जातात तो आवेश म्हणजे त्या पिक्सेलचा थ्रेशोल्ड, आणि चढणीची रुंदी म्हणजे त्याचा नॉइज. सगळ्या पिक्सेलांसाठी हे केल्यावर थ्रेशोल्डांचा पसरट आलेख मिळतो. मग प्रत्येक पिक्सेलमधल्या छोट्या सुधारणा-रजिस्टरने, जे टाइमपिक्स ३ मध्ये ४ बिटांचे आहे, तो पसारा आवळायचा : एकदा सगळ्यांत किमान किंमत, एकदा कमाल किंमत ठेवून दोन आलेख घ्या आणि प्रत्येक पिक्सेलला मधल्या समान लक्ष्याच्या सर्वांत जवळ नेणारी किंमत निवडा.

यानंतर कामाचा थ्रेशोल्ड ठरवा. समजा नॉइज ६० इलेक्ट्रॉन आहे आणि आवळल्यानंतरचा पसारा ३५ इलेक्ट्रॉन. दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ७० येते, आणि त्याच्या सहापट म्हणजे सुमारे ४२० इलेक्ट्रॉन. मी यावर थोडी भर घालून ५०० च्या आसपास सुरुवात करतो, कारण एस-वक्र घेताना तारा जवळपास शांत असतात. सगळ्या तारा पूर्ण वेगाने धावू लागल्या की डिजिटल भागाचा खळखळाट ॲनालॉग भागात थोडातरी झिरपतोच.

या पायरीवरचे सापळे मोजके आहेत, पण वेळखाऊ आहेत. सगळ्या पिक्सेलांना एकाच वेळी स्पंद दिलेत तर चिपचे व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि थ्रेशोल्ड खोटा दिसतो. दर चौथ्या रांगेतला दर चौथा पिक्सेल घेऊन १६ फेऱ्यांत काम करा. काही चिपांत थ्रेशोल्डच्या रजिस्टरची किंमत वाढवली की खरा थ्रेशोल्ड कमी होतो, म्हणून दिशा आधी तपासा. बायस बंद असताना केलेली समायोजना बायस चालू झाल्यावर लागू राहत नाही, कारण सेन्सरची कपॅसिटन्स आणि गळती दोन्ही बदललेली असतात. तापमानाचेही तसेच. आणि गोंगाट करणारे पिक्सेल बंद करताना त्यांची यादी नकाशावर पाहा. ते विखुरलेले असतील तर काळजी नको, पण एका कोपऱ्यात दाटले असतील तर सेन्सर व चिप यांना जोडणाऱ्या बंपांत किंवा सेन्सरच्या कडेला दोष असण्याची शक्यता आहे. असा दोष बंद पिक्सेलांच्या यादीखाली झाकला की पुढच्या माणसाला तो कधीच कळत नाही.

७. वेळेचा शिक्का

माझ्या अनुभवात डेटा वाया जातो तो सर्वाधिक या पायरीवर, आणि तोही गुपचूप. टाइमपिक्स ३ मध्ये हिटच्या वेळेचे दोन भाग असतात. ४० मेगाहर्ट्झवर चालणारा १४ बिटांचा स्थूल काउंटर २५ नॅनोसेकंदांच्या पायऱ्या मोजतो, आणि ४ बिटांचा सूक्ष्म काउंटर १.५६२५ नॅनोसेकंदांच्या. सूक्ष्म काउंटर हिट पडताच सुरू होतो आणि पुढच्या स्थूल ठोक्याला थांबतो, म्हणून तो वजा करायचा असतो. स्थूल १,००० आणि सूक्ष्म ५ असेल, तर वेळ २५,००० मधून ७.८१२५ वजा जाता २४,९९२.१८७५ नॅनोसेकंद होते. चुकून बेरीज केली तर चूक प्रत्येक हिटला वेगळी पडते. ती ओळखण्याची खूण सोपी आहे : एखाद्या बाह्य संदर्भाशी वेळेतला फरक काढून आलेख काढा, टोकदार शिखराऐवजी काही दहा नॅनोसेकंद रुंद पसरट पठार दिसले, तर आधी चिन्ह तपासा.

दुसरी बाब काउंटर उलटण्याची. १४ बिटांच्या १६,३८४ पायऱ्या गुणिले २५ नॅनोसेकंद म्हणजे ४०९.६ मायक्रोसेकंद, तेवढ्या वेळाने स्थूल काउंटर पुन्हा शून्यावर येतो. म्हणून एफपीजीए आपल्या मोठ्या घड्याळातून फेरीचा क्रमांक जोडतो. पण पॅकेट जन्मते आणि एफपीजीएत पोहोचते, या दरम्यान काउंटर उलटला असू शकतो. समजा पॅकेट पोहोचले तेव्हा एफपीजीएची सातवी फेरी चालू आहे आणि तिच्यात स्थूल काउंटर ४० वर आहे; पॅकेटमध्ये मात्र १६,३५० लिहिलेले आहे. भविष्यातला हिट येऊ शकत नाही, तेव्हा तो सहाव्या फेरीतला आहे. नियम असा : पॅकेटची किंमत पोहोचण्याच्या क्षणीच्या किंमतीपेक्षा मोठी असेल, तर फेरीतून एक वजा करा. चिपमधला विलंब ४०९.६ मायक्रोसेकंदांहून कमी असेपर्यंतच हा नियम चालतो. मारा इतका वाढला की पॅकेटे चिपमध्येच त्याहून जास्त रेंगाळू लागली, तर कोणतीही दुरुस्ती उपयोगाची नाही. दर कमी करणे एवढाच उपाय राहतो. फेरीचा क्रमांक १६ बिटांचा असेल तर तोही २६.८ सेकंदांनी उलटतो, म्हणून त्याहून लांब मोजणीसाठी संगणकात तिसरी पातळी लागते. बराच वेळ हिटच आले नाहीत, तर या तिसऱ्या पातळीला किती फेऱ्या उलटल्या हे कळत नाही. एफपीजीएने ठरावीक अंतराने स्वतःहून वेळेचे पॅकेट पाठवावे, अशी सोय करून घ्या.

तिसरी बाब क्रमाची. डेटा-चालित चिपमधून पॅकेटे वेळेच्या क्रमाने येत नाहीत. ज्या स्तंभाला आधी वाट मिळाली त्याचे आधी येते. एकाच कणाचे चार पिक्सेल मागेपुढे, मध्ये भलतेच हिट घेऊन येतात. क्लस्टर (एकाच कणाने पेटवलेल्या पिक्सेलांचा गट) जोडण्याआधी पॅकेटे वेळेनुसार लावलीच पाहिजेत.

चौथी बाब टाइम-वॉकची. मोठा स्पंद थ्रेशोल्ड लवकर ओलांडतो आणि लहान उशिरा, जरी दोन्ही एकाच क्षणी निघाले असले तरी. थ्रेशोल्डजवळच्या स्पंदांना हा उशीर सूक्ष्म काउंटरच्या कित्येक पायऱ्यांएवढा होतो. म्हणजे १.५६ नॅनोसेकंदांचे काटे असलेले घड्याळ दुरुस्तीशिवाय तेवढी अचूकता देत नाही. चाचणी-स्पंदांनी किंवा वेगवान संदर्भ-डिटेक्टरच्या साहाय्याने स्पंदाची लांबी विरुद्ध उशीर असा वक्र काढून ठेवा आणि प्रत्येक हिटमधून तो उशीर वजा करा.

८. ऊर्जेचे कॅलिब्रेशन

स्पंद थ्रेशोल्डच्या वर किती काळ राहिला, यावरून आवेश मोजला जातो. सिलिकॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी तयार व्हायला सरासरी ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, त्यामुळे लोह-५५ चा ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन सुमारे १,६४० इलेक्ट्रॉन देतो आणि अमेरिशियम-२४१ चा ५९.५ चा फोटॉन सुमारे १६,५००. या दोन टोकांमध्ये धातूंच्या पत्र्यांपासून मिळणारे प्रतिदीप्त क्ष-किरण वापरा, तांब्याचे ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे सहज मिळतात. फक्त एकट्या पिक्सेलचे क्लस्टर निवडा, नाहीतर वाटलेला आवेश शिखर डावीकडे ओढतो. वक्र वरच्या भागात सरळ असतो, थ्रेशोल्डपाशी तीव्रपणे वाकतो. म्हणून दोन बिंदूंमधून सरळ रेष काढून ती खालपर्यंत ओढू नका. चाचणी-स्पंदांवरून कॅलिब्रेशन करणे सोपे असले तरी अंतर्गत कपॅसिटरची खरी किंमत आरेखनातल्या किंमतीहून थोडी वेगळी असते, तेव्हा किमान एक बिंदू खऱ्या स्रोताचा असावाच.

९. वेग वाढवून कुठे गळते ते शोधा

आता मारा पायरीपायरीने वाढवा आणि तीन ठिकाणी मोजणी ठेवा : एफपीजीएत आलेली पॅकेटे, संगणकाला मिळालेली पॅकेटे आणि फाइलमध्ये उतरलेली पॅकेटे. पहिल्या दोन आकड्यांत फरक असेल तर दोष नेटवर्कचा आहे. यूडीपी (नेटवर्कवरून डेटा पाठवण्याची साधी पद्धत) हरवलेला डेटा परत मागत नाही, म्हणून नेटवर्कवरच्या प्रत्येक चौकटीला क्रमांक हवा. ६४० मेगाबाइटच्या प्रवाहाला नेहमीच्या १,५०० बाइटच्या चौकटी वापरल्या तर सेकंदाला चार लाखांहून अधिक चौकटी हाताळाव्या लागतात; ९,००० बाइटच्या चौकटींनी ही संख्या सत्तर हजारांच्या घरात येते. मार्गातल्या प्रत्येक स्विचवर मोठ्या चौकटी चालू आहेत ना, तेही पाहा. ऑपरेटिंग सिस्टीमचा ग्रहण-बफर वाढवा, आणि डेटा घेणारा प्रोसेस व डिस्कवर लिहिणारा प्रोसेस वेगळे ठेवा.

चिपमधली गळती मात्र या तीन आकड्यांत दिसत नाही, कारण तिथे हरवलेला हिट पॅकेट बनतच नाही. पिक्सेल एका स्पंदात गुंतलेला असताना दुसरा आला तर तो हरवतो. टाइमपिक्स ३ मध्ये स्पंदाच्या लांबीवर आणखी ४७५ नॅनोसेकंद पिक्सेल व्यस्त राहतो. व्यस्त काळ १ मायक्रोसेकंद आणि त्या पिक्सेलवर येणारा दर सेकंदाला १ लाख असेल, तर सुमारे ९ टक्के हिट मोजलेच जात नाहीत. हे पडताळायला स्रोतासमोर जाडी माहीत असलेले ॲल्युमिनियमचे पत्रे एकेक करून घाला किंवा अंतर बदला, आणि अपेक्षित दराविरुद्ध मोजलेला दर मांडा. सरळ रेष जिथून खाली वाकू लागते, तो तुमच्या मांडणीचा खरा कमाल वेग. मॅन्युअलमधल्या आकड्याऐवजी पुढच्या सगळ्या नियोजनात हाच वापरा.

१०. फाइलसोबत काय जपायचे

कच्ची पॅकेटे आहेत तशी ठेवा. उलगडलेला आणि वेळेनुसार लावलेला डेटा स्वतंत्र फाइलमध्ये ठेवा. दुरुस्तीच्या कोडमध्ये पुढे दोष सापडला, तर कच्च्यावरून सगळे पुन्हा करता येते. प्रत्येक धावेसोबत (मोजणीच्या एका सत्रासोबत) चिपचा क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, सगळ्या रजिस्टरांच्या किंमती, पिक्सेलांच्या सुधारणा-किंमती, बंद पिक्सेलांची यादी, बायस, गळती प्रवाह आणि तापमान यांची नोंद प्रोग्रॅमनेच आपोआप लिहिली पाहिजे. हाताने लिहिण्यावर विसंबलात तर रात्रीच्या पाळीतल्या धावांच्या नोंदी अपुऱ्या राहतात. धाव सुरू होताना आणि संपताना काही सेकंद ठरावीक पिक्सेलांना चाचणी-स्पंद द्या. दोन्ही वेळचे प्रतिसाद जुळले नाहीत, तर मधल्या काळात थ्रेशोल्ड सरकला असे समजा आणि ती धाव विश्लेषणाला देण्याआधी तापमान व गळतीच्या नोंदी उघडा.